गणेशाचा मूषक आणि आपले कोठार

॥ श्री गणेशाय नमः ॥



श्रींचे दर्शन झाल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण सभामंडपातील मूषकापाशी क्षणभर थांबतात. त्याचा एक कान हाताने झाकतात आणि दुसऱ्या कानात आपले मागणे हळूच सांगतात. ते मागणे मूषक श्रींच्या कानी घालतो, अशी आपली श्रद्धा आहे. लहान मुले तर यासाठी हट्टाने रांग लावतात. मग आपण गावी परततो, रात्री धान्याच्या पोत्यामागे खुडबूड ऐकू येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून विषाची पुडी घरी येते. मंदिरातील मूषकाला नमस्कार करणारा हात आणि घरातील मूषकाला विष घालणारा हात एकच असतो. या विसंगतीने मनातून अस्वस्थ होणारे भाविकही पुष्कळ आहेत, हे प्रवचनांच्या निमित्ताने नांदेड-लातूरकडील गावांतून फिरताना मी पाहिले आहे.

निलंगा तालुक्यातील एका गावी सप्ताहात प्रवचन आटोपल्यावर एक वृद्ध माउली पुढे आल्या. पदर सावरून त्यांनी विचारले, “महाराज, उंदरं लेकरांच्या तोंडचं खायलेत. मारलं तर पाप लागतंय, न्हाई मारलं तर उपास पडतोय. आम्ही करावं काय?” त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. “माय, विचार करून सांगतो,” एवढेच मी म्हणालो. शास्त्र, पुराणे आणि जाणत्या लोकांचा अनुभव यांच्या आधारे जे उमगले, ते येथे श्रीचरणी आणि आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. उंदीर घरात मोकळा नांदू देणे म्हणजे दया नव्हे. संस्कृतात ‘मुष्’ या धातूचा अर्थ चोरणे असा आहे आणि त्यावरूनच ‘मूषक’ हा शब्द सिद्ध झाला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी त्याला वाहनाचा मान दिला, परंतु त्याच्या स्वभावाविषयी मनात कोणताही भ्रम ठेवला नाही. त्याचे नावच मुळी चोर असे ठेवले. पूज्यभाव आणि सावधपणा हे दोन्ही एकाच शब्दात नांदत आहेत.

गणेशपुराणातील क्रौंचाची कथा आपण ऐकली असेल. क्रौंच हा गंधर्व. इंद्राच्या सभेत त्याचा पाय वामदेव ऋषींना लागला आणि ऋषींच्या शापाने तो मूषक झाला. साधासुधा नव्हे, प्रचंड देहाचा. तो पराशर ऋषींच्या आश्रमात शिरला आणि धान्य, वस्त्रे, पोथ्या यांची त्याने धूळधाण केली. आश्रमवासी हतबल झाले. तेव्हा गजाननाने काय केले, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. त्याच्या हाती परशू होता, अंकुश होता. तरी त्याने टाकला तो पाश. मूषक बांधला गेला, ओढीत पुढे आणला गेला. त्याही स्थितीत त्याचा ताठा एवढा की, तोच गजाननाला म्हणू लागला, “तुला हवा तो वर माग.” गजाननाने वर मागितला: “तू माझे वाहन हो.” मग त्याच्या पाठीवर तो भार पडला आणि ताठा आपोआप उतरला.

या कथेत मूषकाचा वध नाही, तसेच त्याला आश्रमात मोकाट ठेवणेही नाही. आधी बंधन आहे आणि नंतर त्याची जागा ठरवून देणे आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही; त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा नाहीसा व्हावा, असे मागितले. तीच ही दृष्टी. उंदराला धान्यापासून तोडावे, जीवापासून तोडू नये. माझे सारे सांगणे एवढेच आहे. परंतु ते आचरणात आणणे बोलण्याइतके सोपे नाही, आणि ते न आणल्यास काय ओढवते हे आपल्या मराठवाड्याइतके कोणी जवळून पाहिले नसेल.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथील कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. बाप्पाला मूषकासह निरोप देऊन, मिरवणुकीने थकलेली गावे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांनीच आपल्या माणसांना गाडले. जे वाचले ते उघड्यावर, तंबूंत, पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. दूरवरच्या गावांतूनही लोक भीतीने घराबाहेर झोपू लागले. धान्य मात्र कित्येकांचे तडे गेलेल्या घरांतच राहिले.

पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मेलेले आढळू लागले, घराघरांत पिसवा झाल्या आणि पाठोपाठ जांघेत, काखेत गाठी येऊन माणसे तापाने फणफणू लागली. ग्रंथिक प्लेग. कित्येक वर्षे ज्याचे नाव कानी आले नव्हते, तो रोग परत आला. आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकांनी याची जी संगती लावली ती विचार करण्याजोगी आहे. भूकंपाने जमिनीतील बिळे ढासळली आणि रानउंदीर विस्कटले. रिकाम्या घरांत, माणसांचा वावर नसताना, पडून राहिलेल्या धान्यावर घरउंदीर वाढले. रानातील आणि घरातील उंदीर एकत्र आले, आणि रानउंदरांच्या अंगावरील पिसवांसवे रोग वस्तीत शिरला. हा दोष उंदराचा म्हणावा की राखण नसलेल्या कोठाराचा? त्या धान्याच्या धन्यांनाही दोष देता येणार नाही, ते बिचारे जीव वाचवीत होते. परंतु कार्यकारणाची साखळी आपल्याला दिसली पाहिजे.

येथे पिसवेविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यात उंदीर मारण्याच्या घाईला उत्तर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. तरीही रोग उंदराकडून माणसाकडे येतो कसा, याचे कोडे होतेच. १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगाने दाखवून दिले की, तो उंदराच्या अंगावरील पिसवेतून येतो. पिसू जिवंत, उबदार देहावर राहते. उंदीर मेला, देह थंड पडला की ती उतरते आणि दुसरा देह शोधते. तो जवळचा देह आपला असतो. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा नायनाट करतात, उंदरांना हात नंतर लावतात. बेसावधपणे उंदीर मारीत सुटणे हे त्या वेळी माणसांवर पिसवा सोडण्यासारखे ठरते. जुनी माणसे “उंदीर पडले” एवढे ऐकताच गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. त्यांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते, अनुभव होता. आजही एखाद्या वस्तीत एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांना हात न लावता, मुलांना दूर ठेवून, प्राथमिक आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.

मामल्यानंतर त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. मात्र त्यानंतरची गोष्ट लोक कमी सांगतात. १९९५ मध्ये एस. आर. राव हे तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत ते गलिच्छ शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. कचरा रोजच्या रोज उचलला गेला, गटारे वाहती झाली, उघड्यावरचे उष्टे-खरकटे नाहीसे झाले. उंदराच्या मागे काठी घेऊन धावून नव्हे, तर त्याचे ताट उचलून शहर सुधारले.

हीच गोष्ट आपल्या पंचतंत्रात शेकडो वर्षांपूर्वी सांगितलेली आहे, आणि गंमत म्हणजे ती एका देवस्थानातच घडते. दक्षिणेतील महिलारोप्य नावाच्या नगराजवळ शंकराचे एक मंदिर होते. तेथील मठात ताम्रचूड नावाचा संन्यासी राहत असे. भिक्षेतील उरलेले अन्न तो पात्रात घालून उंच खुंटीवर टांगून ठेवी. हिरण्यक नावाचा उंदीर रात्री उडी मारून तेथवर पोचे आणि ते फस्त करी. ताम्रचूड रात्रभर फाटका वेळू आपटीत बसे. एकदा त्याच्याकडे एक पाहुणा संन्यासी आला आणि धर्मकथा सांगू लागला. यजमान मात्र हुंकार देता देता वेळू आपटीतच राहिला. पाहुणा रागावला. कारण कळल्यावर मात्र त्याने मार्मिक प्रश्न केला: एवढा लहान जीव एवढी उंच उडी मारतो, ते बळ त्याच्यात येते कोठून? नक्कीच त्याच्या बिळाखाली मोठा साठा असावा. मग दोघांनी माग काढीत बीळ गाठले, कुदळीने खणले आणि साठा बाहेर काढला. त्या रात्री हिरण्यकाने उडी मारली, पण तो खुंटीपर्यंत पोचलाच नाही.

आपण सारे ताम्रचूड आहोत. वेळू आपटण्यात रात्री घालवतो आणि साठ्याकडे पाहत नाही. उंदराचा विणीचा काळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेळी पाच-सहापासून आठ-दहापर्यंत पिले, आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याच्या वयाची होतात. चार मारले तर त्यांच्या वाटणीचे अन्न आणि त्यांची जागा मागे उरतेच, आणि ती भरून काढण्यास शेजारचे चार येतात. अन्न आणि आसरा जेवढा, तेवढीच त्यांची संख्या. म्हणून मोजायचे असतील तर मेलेले उंदीर मोजू नयेत, घरातील उघडी भोके मोजावीत.

आता ही भोके कशी मोजावीत, ते सविस्तर सांगतो. प्रवचनात चुनखडी-सिमेंटच्या गोष्टी कशाला, असे कोणास वाटेल; परंतु अहिंसा हातांनी करावयाची असते.

पूर्वी आपल्याकडे जमिनीत पेव असे, भिंतीला लागून बळद असे, माजघरात शेणामातीने लिंपलेली कणगी असे. त्या काळचे ते शहाणपण होते. आता पोती भिंतीला टेकवून एकावर एक रचलेली असतात, आणि भिंत व पोते यांमधील ती अंधारी फट म्हणजे उंदराला दिलेले आंदणच. ज्वारी, हरभरा, तूर, सोयाबीनचे बियाणे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे. पोती ठेवणे भागच असेल तर लाकडी घोडीवर, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि मांजरही फिरते. कडब्याची गंज, सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला लागून कधीही रचू नये. बिऱ्हाड करण्यास उंदराला त्याहून चांगली जागा मिळत नाही. रात्री जनावरांच्या गव्हाणीत सांडलेला भरडा, पेंड आणि अंगणातील खरकटे झाडून घ्यावे. पाण्याच्या भांड्यांवर झाकणे ठेवावीत. आपला मुलूख अवर्षणाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा कोरड्या दिवसांत शिवार उजाड होते आणि रानातील जीव दाण्या-पाण्यासाठी घराकडे वळतो, यात त्याचा अपराध काही नाही.

उंदराचे लहान पिलू शिसपेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही आत येते. तेव्हा दाराखालची फट, नळ व विजेच्या तारा जेथून आत येतात ती छिद्रे, पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांमधील जागा, मोरीचे तोंड, हे सारे पाहावे. माती किंवा चिंध्या कोंबून उपयोग नाही, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजविण्यासाठी त्याला कुरतडावेच लागते. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून भोके बुजवावीत. मोरीला पाव इंची घराची लोखंडी जाळी बसवावी. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी.

मात्र एक सावधगिरी, आणि ही दयेचीच बाब आहे. आत उंदीर असताना सर्व भोके एकदम बुजवली तर ते भिंतीत कोंडून तडफडून मरतात, आणि पुढे आठवडाभर घरात उभे राहवत नाही. म्हणून आधी धान्य बंद करावे. मग शेवटची एक-दोन भोके सोडून बाकीची बुजवावीत. उरलेल्या भोकात संध्याकाळी कागदाचा बोळा सैल कोंबून ठेवावा. बोळा हलला तर वाट चालू आहे असे समजावे. दोन-तीन रात्री तो जसाच्या तसा राहिला तर खुशाल सिमेंट लावावे. बिळात पिलांची चुळबूळ ऐकू येत असेल तर काही दिवस थांबावे. ऋण फेडण्यास आपण वर्षानुवर्षे थांबतो, येथे थोडे दिवस थांबण्याने काही बिघडत नाही.

एवढे करूनही एखादा आत उरतोच. त्यासाठी जिवंत पकडण्याचा पिंजरा. त्यात भाकरीचा तुकडा, भजे किंवा खोबरे लावावे. पिंजरा सकाळ-संध्याकाळ न चुकता पाहावा. उन्हाळ्यात पत्र्यावर किंवा उन्हात राहिलेला पिंजरा म्हणजे भट्टीच होते. हात लावताना हातमोजे किंवा जाड कापड वापरावे, नंतर साबणाने हात धुवावेत, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोगही होतो. आणि सोडावा कोठे? पुष्कळ सज्जन मंडळी त्याला चार कोस दूर नेऊन सोडतात आणि पुण्य पदरी पडले असे मानतात. अनोळखी रानात ना बीळ, ना वाट ठाऊक, अशा जीवाचे हाल होतात. आणि दुसऱ्याच्या कोठाराजवळ सोडला तर आपण आपली पीडा शेजाऱ्याच्या गळ्यात घातली. आपल्याच घराच्या बाहेर, थोड्या अंतरावरील बांधाच्या झुडपाशी, अंधार पडताना सोडावा. घर खरोखर बंद केलेले असेल तर तो परत येऊ शकत नाही. परत आला, तर एखादे भोक आपल्या नजरेतून सुटले असे समजावे.

आता विषाविषयी. झिंक फॉस्फाईड उंदराच्या पोटात जाऊन विषारी वायू सोडते. रक्त गोठू न देणारी औषधे त्याला कित्येक दिवस आतल्या आत रक्तस्राव करवून मारतात. उंदीर चतुर असतो. एकदा बाधा झाली आणि वाचला, तर ते आमिष पुन्हा शिवत नाही. विष खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजर उचलते, घुबड उचलते, आणि विष पुढे चालत जाते. याहूनही गंभीर गोष्ट सांगणे मला भाग आहे. पिवळ्या फॉस्फरसची जी पेस्ट काही घरांत उंदरांसाठी आणली जाते, ती पोटात गेल्यास माणसाचे यकृत निकामी होते आणि त्यावर हमखास उतारा नाही. चाटून पाहणारे लेकरू असो, वा रागाच्या, निराशेच्या एका क्षणी हाताशी सापडले म्हणून ते घेणारे घरातले तरुण माणूस असो. आपल्या भागातील कष्टकरी घरांनी हे दुःख सोसले आहे. ज्या घरात विष नाही, त्या घरात तो एक क्षण निघून जाण्यास वाव राहतो. केवळ एवढ्यासाठी जरी आपण विषाची पुडी घरी आणणे सोडले, तरी या प्रवचनाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

गोंदपट्टीविषयी बोलताना मला स्वतःची लाज लपवता येत नाही. एका मठात मुक्कामी असताना कोठीत उंदीर झाले म्हणून मीच कोणाच्या तरी सांगण्यावरून ती पट्टी ठेवावयास सांगितले. रात्रभर किंकाळ्या ऐकू येत होत्या. पहाटे पाहिले तर चारही पाय अडकलेले, अंगाची कातडी निघालेली, आणि डोळे उघडे. त्या सकाळी गणपत्यथर्वशीर्षाचे आवर्तन माझ्याच्याने पूर्ण झाले नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने मुक्या जीवाला विनाकारण यातना देणे गुन्हा ठरविले आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ (क) मध्ये सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. परंतु त्या सकाळी मला कायद्याची आठवण झाली नाही, सभामंडपातील मूषकाची झाली.

शेतकरी बंधू विचारतात, उभे पीक जात असेल तर? साथच पसरली असेल तर? येथे मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. असे प्रसंग येतात. तेव्हा ते काम जाणकारांच्या हाती, शासनाच्या कृषी किंवा आरोग्य खात्याच्या सल्ल्याने, कमीत कमी यातनेने व्हावे. मात्र त्याला पुण्य म्हणू नये आणि त्याची सवय होऊ देऊ नये. आपल्या शास्त्रकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’ म्हटले, म्हणजे गृहस्थाच्या घरातील हिंसेच्या पाच जागा. संसार हिंसेवाचून चालत नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले, आणि म्हणूनच त्याच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे इतर जीवांना त्यांचा वाटा देणे.

हा वाटा कोठे आणि कसा द्यावा, याचेही तारतम्य आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यावयाचे गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले. ते गाढवाने चोरले नव्हते, महाराजांनी ते डोळ्यांसमोर, हाताने दिले. दिलेले दान आणि बेफिकिरीने सांडलेले अन्न यांत हाच भेद आहे. राजस्थानच्या मरुभूमीत बिकानेरजवळ देशनोक येथे करणीमातेचे मंदिर आहे. आपल्यापैकी काही जण यात्रेत तेथे जाऊन आले असतील. तेथे हजारो उंदीर आहेत. भाविक त्यांना ‘काबा’ म्हणतात आणि दूध-मिठाईच्या पराती ठेवतात. तेथील श्रद्धेचा मान राखावा. परंतु तेथून येऊन आपल्या स्वयंपाकघराचे देशनोक करू नये.

उंदीर खाऊन जगणारे जीवही देवाचेच आहेत, हे आपण विसरतो. रात्री पांढरे तोंड दिसले की अपशकुन म्हणून ज्याला दगड मारतात, ते गव्हाणी घुबड. त्याच्या नावातच गव्हाण आहे. गोठ्याजवळ राहून ते रोज रात्री उंदीर टिपते. पलीकडे बंगालात तर घुबडाला लक्ष्मीचे वाहन मानतात, आणि धान्य राखणाऱ्याला लक्ष्मीने जवळ केले यात नवल ते काय! शेतात ठिकठिकाणी टी आकाराचे पक्षिथांबे रोवले तर घुबडे त्यांवर येऊन बसतात. धामण बिनविषारी असते आणि बिळात शिरून उंदीर खाते. नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहून दुसऱ्याच दिवशी धामण ठेचणे, हीसुद्धा आरंभी सांगितलेल्या विसंगतीचीच बहीण. आणि चिचुंद्रीला तर उगाच शिक्षा होते. ती उंदीर नव्हेच, ती किडे, झुरळे खाते.

त्या निलंग्याकडील माउली दोन वर्षांनी पुन्हा भेटल्या. जावयाने पत्र्याच्या दोन कोठ्या आणून दिल्या होत्या, मोरीला जाळी लावून दिली होती. मी विचारले, “माय, आता उंदीर?” त्या म्हणाल्या, “हायेत की बाहीर, बांधाला. त्यांनाबी पोट हाय. पर घरात पिंजरा रिकामाच ऱ्हातोय, महाराज.”

शेवटी देवस्थानाच्या कोठीविषयी, कारण दुसऱ्याला सांगताना आपले अंगण आधी झाडले पाहिजे. काही भाविक प्रेमाने मूषकाच्या मूर्तीपुढे लाडू, खोबरे, तांदूळ टाकतात, प्रदक्षिणेच्या वाटेवर दाणे विखुरतात. रात्री मंदिर बंद झाल्यावर ते अन्न कोणाच्या मुखी जाते, हे आता आपण जाणताच. नैवेद्य पुजाऱ्यांच्या हाती द्यावा. पक्ष्यांसाठी दाणे टाकावयाचे असतील तर सकाळीच आणि आवाराबाहेरील ओट्यावर, मूठभर टाकावेत. अन्नछत्रासाठी ज्वारी, गहू, तूरडाळ, तांदूळ आणणाऱ्या दात्यांनी पोती सभामंडपात किंवा भक्तनिवासाच्या ओसरीत न ठेवता थेट कोठीवर उतरवून पावती घ्यावी. ज्यांना धान्याऐवजी काही निराळे अर्पण करण्याची इच्छा असेल, त्यांनी पत्र्याची एखादी कोठी, लाकडी घोडी किंवा खिडक्यांसाठी लोखंडी जाळी द्यावी. कोठीच्या उत्तरेकडील दोन खिडक्या अद्याप उघड्या आहेत.